तोरुन्य शहराबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न, एकदाच सगळी उत्तरं

मी पोलंडमधल्या या गावात राहायला येऊन आता तीन वर्षं होतील आणि तेव्हापासून नातेवाईक, कॉलेजच्या मैत्रिणी, नवऱ्याच्या ऑफिसमधले लोक, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. आधी मी हौसेने लांबलचक व्हॉइस नोट पाठवायचे, आता घसा दुखतो. म्हणून हे टाईप करून ठेवलंय, यापुढे कोणी विचारलं की हेच पुढे ढकलणार.

नाव नक्की काय आहे? टोरून, थॉर्न की आणखी काही?

गुगल मॅपवर टोरून दिसतं, जुन्या जर्मन पुस्तकात थॉर्न असतं आणि इथले लोक म्हणतात तोरुन्य, म्हणजे शेवटचा न जरा मऊ, ज्ञ आणि न यांच्या मधे कुठेतरी. माझा उच्चार अजूनही ऐकणाऱ्याला हसू येईल असाच आहे. नदीचंही तसंच, भूगोलात आपण व्हिस्टुला शिकलो पण इथे कोणाला व्हिस्टुला म्हटलं तर क्षणभर कळत नाही, ते म्हणतात विस्वा. पोलंडमधली सगळ्यात मोठी नदी, १०४७ किलोमीटर, दक्षिणेच्या डोंगरात उगम पावते, क्राकोव, वॉर्सा, मग आमचं गाव करत ग्दान्स्कजवळ बाल्टिक समुद्राला मिळते. ही नदी लक्षात ठेवा, कारण खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ती येणारे.

आहे कुठे आणि किती मोठं आहे?

पोलंडच्या नकाशात मध्यभागाच्या जरा वर. लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास, म्हणजे मोठं शहर नाहीच. वॉर्साहून ट्रेनने अडीच-तीन तास. विमानतळ बिदगोश्च नावाच्या शेजारच्या शहरात, साधारण ५० किलोमीटरवर. या दोन शहरांचं आपसात अजिबात पटत नाही. १९९९ मध्ये नवे प्रांत पाडले तेव्हा राजधानी कोणाची यावरून एवढी ओढाताण झाली की शेवटी निम्मं निम्मं वाटून दिलं, सरकारने नेमलेला राज्यपालासारखा अधिकारी तिकडे बसतो आणि निवडून आलेली प्रांताची सभा इकडे. टॅक्सीत बसून बिदगोश्चची स्तुती करू नका, एवढंच सांगते.

हे गाव वसवलं कोणी? आणि नदीकाठीच का?

तेराव्या शतकात या भागाच्या उत्तरेला प्रशियन नावाच्या जमाती राहायच्या, ख्रिश्चन नव्हत्या, आणि त्यांच्या धाडींना कंटाळून माझोव्हियाचा पोलिश सरदार कोनराड याने ट्यूटॉनिक नाइट्सना मदतीला बोलावलं. हे म्हणजे पांढऱ्या झग्यावर काळा क्रॉस लावणारे लढवय्ये साधू, जर्मन बोलणारे, आधी जेरुसलेमच्या बाजूला लढलेले आणि आता नव्या कामाच्या शोधात असलेले. बोलावलं मदतीला आणि बसले घरमालक होऊन, पुढची दोनशे वर्षं पोलंडला त्यांचा ताप झाला. १२३१ मध्ये ते नदी ओलांडून या काठावर आले आणि ठाणं केलं, आणि २८ डिसेंबर १२३३ ला गावाला सनद मिळाली, म्हणजे स्वतःचं कोर्ट, बाजार, कर वगैरेचे हक्क.

पण ते पहिलं गाव आजच्या जागेवर नव्हतं बरं का. ते होतं काही किलोमीटर पश्चिमेला, नदीला अगदी चिकटून, आणि दर पावसाळ्यात म्हणा किंवा बर्फ वितळल्यावर म्हणा, पाण्यात. तीन वर्षं सहन केलं आणि १२३६ मध्ये सगळं गाव उचलून आत्ताच्या उंच जागेवर आणलं. मग १२६४ मध्ये शेजारी अजून एक गाव वसवलं, त्याचं नाव नवं गाव. ते 'नवं गाव' आज साडेसातशे वर्षांचं आहे आणि लोक अजून त्याला नवंच म्हणतात. जुन्यात व्यापारी, नव्यात कारागीर, मधे भिंत, वेगवेगळी नगरसभा, वेगवेगळे टाऊन हॉल. १४५४ मध्ये दोन्ही एक झाली.

मग त्या नाइट्सचा किल्ला कुठे गेला?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, त्यामुळे जरा लांबेल.

नाइट्स लोक राज्यकर्ते होते, पण गावातले व्यापारी पैसेवाले होते, आणि हे दोन जण फार दिवस एका घरात सुखाने राहत नाहीत. १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंड आणि लिथुआनियाने नाइट्सना जबरदस्त हरवलं, पुढच्या वर्षी तह झाला तो इथे तोरुन्यातच, १ फेब्रुवारी १४११ ला. त्या लढाईची नुकसानभरपाई द्यायला नाइट्सनी कर वाढवले, आणि कर कोणाच्या खिशातून, तर व्यापाऱ्यांच्या. वर नाइट्सची संघटना स्वतःच व्यापारात हात घालायची. हे चाळीस वर्षं साचत गेलं. शेवटी शहरांनी आणि जमीनदारांनी एकत्र येऊन एक संघ केला, आणि फेब्रुवारी १४५४ मध्ये तोरुन्यकरांनी उठाव करून किल्ला ताब्यात घेतला आणि पाडून टाकला.

पाडला म्हणजे खरंच पाडला. आज गेलात तर तळघरं, पाया, भिंतीचे तुकडे दिसतात, एवढंच. फक्त एक गोष्ट धडधाकट उभी आहे, एक बुरूज, आणि मुख्य किल्ल्यापासून त्याच्यापर्यंत कमानींवर एक झाकलेला रस्ता जातो. टुरिस्ट लोक त्याचे मन लावून फोटो काढतात, काय वाटत असेल त्यांना, टेहळणी बुरूज वगैरे. त्याला म्हणतात ग्दानिस्को, आणि तो आहे किल्ल्याचा संडास. खाली ओढा वाहायचा, वरून सगळं थेट पाण्यात. म्हणजे लोकांनी मालकांचा राजवाडा पाडला, देवघर पाडलं, जेवणाची खोली पाडली आणि संडास तेवढा ठेवला! मुद्दाम ठेवला असं कुठल्या कागदात लिहिलेलं नाही, पण मला विचाराल तर मुद्दामच.

त्या उठावाने तेरा वर्षांचं युद्ध सुरू झालं, शहरांनी पोलंडच्या राजाला सांगितलं की आम्हाला तुझ्या राज्यात घे, लढाईचा मोठा खर्चही शहरांनीच उचलला. १९ ऑक्टोबर १४६६ ला तह झाला, परत इथेच, आणि तोरुन्य अधिकृतपणे पोलिश राजाच्या छत्राखाली गेलं, पण स्वतःचे भरपूर हक्क राखून. हे लक्षात घ्या, लोक याला देशभक्तीची गोष्ट करून सांगतात, पण आत डोकावलं तर ती बरीचशी हिशेबाच्या वहीची गोष्ट आहे.

नदीच्या पलीकडे जे पडकं बांधकाम दिसतं ते काय?

तो दिबुफचा किल्ला. नाइट्सच्या काळात ही नदी म्हणजे सीमा, इकडे त्यांचं तोरुन्य आणि तिकडे पोलंड. तर पोलंडच्या राजाने, व्लादिस्लाव यागिएवोने, बरोब्बर समोर किल्ला बांधला आणि त्याच्या पायथ्याशी न्येशावा नावाचं बाजाराचं गाव वसवलं. तोरुन्यवाल्यांच्या पोटात गोळा. समोरच्या काठावर धान्य उतरतंय, मीठ विकलं जातंय, आणि आपण बघत बसायचं. तक्रारी करून दमले. मग १४५४ ला तेच पोलंडच्या बाजूला आले तेव्हा राजाकडे त्यांची पहिली काही मागणी असेल तर ही, की ते समोरचं गाव हलव. आणि १४६० मध्ये राजाने खरोखर अख्खं न्येशावा उचलून नदीच्या वरच्या अंगाला सुमारे ३० किलोमीटरवर नेलं. आजही ते तिथेच आहे, छोटंसं शांत गाव. इकडे राहिला फक्त पडका किल्ला. स्पर्धकाचं दुकान बंद पाडायची एवढी जंगी पद्धत मी दुसरीकडे वाचली नाही.

एवढा पैसा यायचा कुठून पण?

पाण्यावरून. तेव्हा रस्ते म्हणजे चिखल, जड माल न्यायचा तर नदीच. वरच्या भागातून धान्य, लाकूड, डांबर, मेण, मध खाली यायचं आणि समुद्राकडून मीठ, हेरिंग मासा, कापड, मसाले वर जायचे. तोरुन्य मधोमध. शिवाय गावाला एक हक्क होता, की इथून जाणाऱ्या व्यापाऱ्याने माल उतरवायचा आणि आधी इथल्या लोकांना विकायला ठेवायचा, मग पुढे जायचं. आयतं गिऱ्हाईक आणि आयता माल. हान्सा नावाचा जो उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा संघ होता, ल्यूबेक वगैरे, त्यात तोरुन्य तेराव्या शतकातच सामील झालेलं. नदीच्या बाजूच्या गल्ल्यांमधे अजून जुनी धान्याची कोठारं उभी आहेत, दिसायला घरासारखीच पण खिडक्या बारक्या.

पुढे ग्दान्स्कने मात दिली. समुद्राच्या तोंडाशी बसलेल्याला नदीच्या मधे बसलेला किती दिवस अडवणार. सोळाव्या शतकापासून मोठा पैसा तिकडे गेला.

चर्चच्या घड्याळाला एकच काटा का आहे? तुटलाय का?

तुटला नाहीये. सेंट जॉन कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर नदीकडच्या बाजूला हे प्रचंड मोठं घड्याळ आहे, पंधराव्या शतकापासूनचं, आणि त्याला फक्त तासकाटा. लोक त्याला देवाचं बोट म्हणतात. ते गावातल्या लोकांसाठी नव्हतंच, तराफ्यावरून येणाऱ्या नावाड्यांसाठी होतं, त्यांना इथे फ्लिसाक म्हणतात. मधल्या प्रवाहातून मान वर करून बघायचं आणि किती वाजले कळायचं, त्यांना मिनिटांशी काय देणंघेणं. हे फ्लिसाक लाकडाचे ओंडके बांधून त्याचाच तराफा करायचे, त्यावर धान्य लादायचं, ग्दान्स्कला पोचलं की धान्य विकायचं, मग तराफाही लाकूड म्हणून विकायचा आणि घरी चालत यायचं. चालत! महिनोन्महिने.

टाऊन हॉलच्या शेजारी एका कारंज्यावर फ्लिसाकचा पुतळा आहे, फिडल वाजवतोय आणि काठावर पितळी बेडूक बसलेत. गोष्ट अशी की गावात बेडकांचा सुळसुळाट झाला, याने वाजवत वाजवत सगळे बाहेर नेले. बेडकांची डोकी लोकांनी हात लावून लावून चकचकीत केलीत.

त्याच मनोऱ्यात तुबा देई नावाची घंटा आहे, १५०० मध्ये ओतलेली, सात टनांच्या वर वजन, फक्त मोठ्या सणालाच वाजवतात. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी भाजी घेत होते, हातातल्या पिशवीत कंपन जाणवलं.

कोपर्निकस खरंच इथलाच का? आणि तो पोलिश की जर्मन?

इथलाच. १९ फेब्रुवारी १४७३ चा जन्म. वरच्या तारखा बघा, तह १४६६ चा, म्हणजे पोलंडच्या राजाखाली येऊन सातच वर्षं झालेली. वडील तांब्याचे व्यापारी, क्राकोवहून इथे आलेले, आई बार्बरा वाट्झेनरोड ही इथल्याच मातब्बर घराण्यातली. वडील लवकर गेले आणि मामाने सांभाळलं, मामा पुढे उत्तरेकडच्या वार्मिया नावाच्या भागाचा बिशप झाला आणि भाच्याची आयुष्यभराची सोय लावली. कोपर्निकसच्याच नावाच्या रस्त्यावर त्या काळची दोन विटांची घरं आहेत, तिथे आता म्युझियम आहे, जन्म नेमका कोणत्या घरात झाला यावर वाद चालू असतात पण बघण्यासारखं आहे, व्यापाऱ्याचं घर आतून कसं असायचं ते कळतं, खाली ऑफिस, वर माणसं, आणि त्याच्या वर माळ्यावर माल. सेंट जॉनमधे त्याचा बाप्तिस्मा जिथे झाला असं मानतात ते कुंडही आहे.

एक गोष्ट मात्र सरळ सांगते, त्याने संशोधन इथे केलं नाही. अठराव्या वर्षी, १४९१ मध्ये, क्राकोवला शिकायला गेला, मग इटलीत बोलोन्या, पादुआ, फेरारा, आणि नंतरचं जवळजवळ सगळं आयुष्य उत्तरेला वार्मियात, जास्त करून फ्रोम्बोर्कला गेलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारं त्याचं पुस्तक १५४३ मध्ये न्युरेंबर्गला छापलं आणि त्याच वर्षी तो गेला. गावाने मात्र त्याला सोडलेलं नाही. पुतळा, युनिव्हर्सिटी, बिस्किटाची कंपनी, सगळ्यांना त्याचं नाव. टाऊन हॉलसमोरच्या १८५३ च्या पुतळ्यावर लॅटिनमधे लिहिलंय, पृथ्वीला हलवणारा, सूर्य आणि आकाशाला थांबवणारा. ही ओळ वाचून माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

पोलिश की जर्मन हा प्रश्न त्या काळच्या माणसाला विचारला असता तर त्याला कळलाच नसता. घरात बोलायचे बहुतेक जर्मन, लिहायचा लॅटिन, निष्ठा पोलंडच्या राजाशी, आणि नाइट्सच्या विरोधात ओल्श्तिनच्या किल्ल्याचा बचाव केला. आता ज्याला जे पटेल ते त्याने धरावं.

आणि हो, काका लोकांसाठी. "हे आर्यभटाने हजार वर्षं आधीच सांगितलं होतं" असा मेसेज मला चार वेळा आलाय. आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं सांगितलं होतं आणि ते फार मोठंच आहे. सूर्याभोवती फिरते हा वेगळा मुद्दा आहे. दोन्ही माणसं मोठी आहेत, मारामारी लावू नका.

ते आल्याचं बिस्किट काय प्रकार आहे?

प्येर्निक. बिस्किट आणि केक यांच्या मधलं काहीतरी, मध घालून केलेलं, आणि आल्यापेक्षा दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, मिरी यांचा एकत्रित वास. घरात डबा उघडला की मला दिवाळीच्या आधीचं स्वयंपाकघर आठवतं. प्येर्निक हा शब्दच मुळात जुन्या पोलिशमधल्या मिरीच्या शब्दावरून आलाय. आता मिरी युरोपात पिकत नाही, ती जायची आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून, कितीतरी हात बदलत, शेवटी ग्दान्स्कमार्गे नदीने वर. मध आणि पीठ इथलं, मसाला तिकडून, आणि दोन्ही जिथे भेटतात ते हे गाव. कागदावर पहिला उल्लेख १३८० चा, निक्लोस चान नावाच्या बेकरचा.

लाकडाचे कोरीव साचे असतात, घोडागाडी, राजा, राणी, गावाचा किल्ला, त्यात पीठ दाबून भाजायचं. असे साच्यातले प्येर्निक शोभेचे, दगडासारखे, ते खायचे नसतात. मी पहिल्याच आठवड्यात खाल्ला आणि दाढ दुखावून घेतली, कोणी सांगितलंच नाही. खायचे ते मऊ, आत आलुबुखारचा जाम आणि वरून चॉकलेट, किंवा कताझिन्की, म्हणजे सहा गोल एकमेकांना चिकटल्यासारखा आकार. कताझिन्कीचं नाव सेंट कॅथरीनवरून, तिचा दिवस २५ नोव्हेंबर, त्या सुमाराला ख्रिसमससाठी भाजायला सुरुवात व्हायची. दंतकथा मात्र डझनभर आहेत, प्रत्येक गाईड वेगळी सांगतो.

अजून एक सांगतात की मुलगी जन्मली की पीठ मळून लाकडी पिंपात ठेवायचं आणि तिच्या लग्नात भाजायचं. वीस वर्षांचं पीठ! पण मुरवायचे हे नक्की, कारण मध आणि मसाला मुरल्याशिवाय चव येत नाही. पियानोवाला प्रसिद्ध संगीतकार शोपँ पंधरा वर्षांचा असताना १८२५ मध्ये इथे आला होता, किल्ले-चर्च सगळं बघितलं आणि मित्राला पत्रात लिहिलं की सगळ्यात छाप पडली ती प्येर्निकची. शहाणा मुलगा.

पिसासारखा झुकता मनोरा आहे म्हणे?

आहे, पण पिसाच्या मानाने बच्चा, १५ मीटर उंच आणि वरच्या टोकाला साधारण दीड मीटर कललेला. गावाच्या तटबंदीचा बुरूज, बांधला सरळच होता, खालची जमीन खचली. मधल्या काळात इथे बायकांचा तुरुंगही होता. गोष्ट अशी सांगतात की एका नाइटचं ब्रह्मचर्य गावातल्या पोरीपायी मोडलं, शिक्षा म्हणून त्याला त्याच्या वागण्याइतका वाकडा मनोरा बांधायला लावला. भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून, हात पुढे करून उभं राहायचं, पडलात तर पापी. मी दोन सेकंदात पडले, सासूबाई मजेत उभ्या राहिल्या, आणि याचा उल्लेख घरात दर आठवड्याला होतो.

तिथे धर्मावरून काही भयंकर घडलं होतं ना?

१७२४. गाव तोपर्यंत दीडशेहून जास्त वर्षं ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट होतं, राज्य कॅथलिक. जुलैत कॅथलिक मिरवणूक चाललेली, बघणाऱ्या ल्युथरन पोरांनी टोप्या काढल्या नाहीत म्हणून जेझुइट या कॅथलिक साधूंच्या शाळेच्या विद्यार्थ्यांशी भांडण झालं, मग पकडापकडी, मग जमावाने जेझुइट कॉलेज फोडलं. महापौर रोएस्नर यांनी दंगा थांबवला नाही म्हणून त्यांना मृत्युदंड. धर्म बदला, जीव वाचेल असं सांगितलं, त्यांनी नाही म्हटलं. ७ डिसेंबरला त्यांचा आणि आणखी नऊ जणांचा शिरच्छेद झाला. सगळ्या युरोपात बोंबाबोंब झाली आणि सहिष्णू म्हणून पोलंडचं जे नाव होतं त्याला मोठा डाग लागला. गाईड लोक यावरून पटकन पुढे जातात, मला वाटतं जाऊ नये.

मधे पोलंडच नकाशावर नव्हता, तेव्हा हे गाव कोणाचं होतं?

१७९३ च्या पोलंडच्या दुसऱ्या फाळणीत प्रशिया या जर्मन राज्याने घेतलं. मधे नेपोलियनच्या काळात थोडी वर्षं वॉर्साच्या डचीत, म्हणजे त्याने उभ्या केलेल्या छोट्या पोलिश राज्यात, मग १८१५ पासून परत प्रशिया, पुढे जर्मनी. रशियाची हद्द जवळ म्हणून त्यांनी गावाभोवती किल्ल्यांची अख्खी साखळी बांधली, विटांचे, अर्धे जमिनीत. लष्करी गाव असल्यामुळे वाढ खुंटली, कारखाने फारसे आले नाहीत, आणि जुनं पाडून नवं बांधायची घाई कोणाला झाली नाही. तेव्हा लोक वैतागले असतील, आज त्याच्यावरच टुरिझम चाललंय. जानेवारी १९२० मध्ये पोलिश सैन्य गावात आलं आणि तोरुन्य परत पोलंडचं झालं.

दुसऱ्या महायुद्धात उडालं नाही का? फोटोत तर सगळं जुनंच दिसतं.

जुनंच आहे, तीच तर गंमत. वॉर्साचं जुनं शहर युद्धानंतर विटेवर वीट रचून परत उभं केलंय, इथलं मुळातलं आहे. जर्मन सैन्य १९३९ च्या सप्टेंबरात आलं आणि १९४५ च्या जानेवारीअखेर निघून गेलं, जुन्या गावात गल्लोगल्ली लढाई झाली नाही. म्हणून १९९७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, जुनं गाव, नवं गाव आणि किल्ल्याचे अवशेष असं तिन्ही मिळून.

पण इमारती वाचल्या म्हणजे माणसं वाचली असं नाही. १९३९ च्या शरदात शिक्षक, धर्मगुरू, वकील अशा शेकडो लोकांना सात नंबरच्या किल्ल्यात कोंडलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना बारबारका नावाच्या जंगलात नेऊन गोळ्या घातल्या. आज तिथे लोक रविवारी सायकली घेऊन, पोरांना घेऊन फिरायला जातात, आणि झाडीत स्मारक आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला माहीत नव्हतं, डबा उघडून बसलो होतो, मग पाटी वाचली.

नदीवरचा मोठा पूलही वाचला नाही, १९३४ चा पूल, १९३९ मध्ये माघार घेताना पोलिश सैन्याने उडवला, जर्मनांनी जोडला आणि जाताना त्यांनी उडवला. २०१३ मध्ये झालेल्या नव्या पुलाला जनरल एल्झब्येता झावात्स्का यांचं नाव आहे. तोरुन्यच्याच, गणिताच्या शिक्षिका, युद्धात गुप्त निरोप घेऊन सीमा ओलांडत लंडनला पोचल्या आणि पॅराशूटने परत पोलंडमधे उतरल्या. पॅराशूटने उतरणाऱ्या चिहोचेम्नी नावाच्या गुप्त तुकडीतली एकमेव बाई. १९०९ ते २००९, शंभरीला दोनच महिने राहिलेले.

युनिव्हर्सिटी कशी आहे? भाचीला पाठवायचंय.

निकोलस कोपर्निकस युनिव्हर्सिटी, १९४५ ला सुरू झाली. युद्धानंतर विल्नो (आजचं विल्नियस) आणि ल्वुफ (आजचं ल्विव) ही पोलिश शहरं सोविएत हद्दीत गेली, तिथले प्रोफेसर बेघर झाले आणि ते इथे आले. अ‍ॅस्ट्रॉनॉमीला नाव आहे, गावाबाहेर ३२ मीटरची रेडिओ दुर्बीण आहे, आणि सूर्यमालेबाहेरचे पहिले पक्के ग्रह १९९२ मध्ये ज्यांनी जाहीर केले त्या दोघांपैकी अलेक्सांदेर वोल्श्चान इथेच शिकले. भाचीला मेडिकल करायचं असेल तर नीट वाचा, नाव तोरुन्यच्या युनिव्हर्सिटीचं असलं तरी मेडिकलचं कॉलेज बिदगोश्चला आहे. खोली इथे घेऊन बसाल आणि रोज तिकडे पळाल.

आम्ही शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

नाही. 'बार म्लेच्नी' शोधा, नाव दुधाचा बार पण म्हणजे साधी स्वस्त खानावळ. 'प्येरोगी रुस्क्ये' मागा, बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेल्या करंज्या, उकडलेल्या. फक्त वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात ते घालू नका असं आधीच सांगा. बटाट्याची थालीपीठं पण मिळतात. तिखट विसरा, चटणी घेऊन या.

महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

या गावाशी थेट नाही, ओढूनताणून जोडणार नाही. देशाशी आहे आणि मोठा आहे, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं, सैबेरियातून सुटून आलेली. वॉर्सात त्याचं स्मारक आहे.

एकच दिवस आहे, कधी येऊ आणि काय बघू?

मे ते सप्टेंबर. डिसेंबरात साडेतीनला अंधार पडतो, मग फोटो येत नाहीत म्हणून माझ्यावर चिडू नका. तिकीट काढताना तोरुन्य म्यास्तो स्टेशन बघा, ते जुन्या गावाच्या बाजूला आहे, मुख्य स्टेशन नदीच्या पलीकडे आहे आणि बॅगा ओढत पूल ओलांडायला लागतो. सकाळी टाऊन हॉलच्या मनोऱ्यावर चढा, मग कोपर्निकसचं घर, दुपारी प्येर्निक करायला शिकवणारं म्युझियम, पोरं असतील तर हे आधी. संध्याकाळी मात्र सगळं सोडून जुना पूल चालत ओलांडा आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसा. सूर्य खाली आला की समोरच्या लाल विटा पेटल्यासारख्या दिसतात, मग दिवे लागतात, आणि सगळं गाव उलटं होऊन पाण्यात येतं. डास चावतात. ओडोमॉस आणा, इथे मिळत नाही.